छापील कविता हाती असताना

कवितासंग्रह ग्रंथालयात मिळतो, मोबाईलवरही कविता वाचता येते. तरी माणसे कविसंमेलनाला जातात, सतरंजीवर दाटीवाटीने बसतात आणि रात्र चढली तरी उठत नाहीत. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर एकत्र काव्यवाचन केले. त्यांचे संग्रह तेव्हा उपलब्ध होते, अनेकांना त्यातल्या कविता तोंडपाठ होत्या. श्रोते काही नवे कळावे एवढ्यासाठी येत नव्हते, हे उघड आहे. मग ठाऊक असलेली कविता पुन्हा ऐकण्यासाठी माणूस घराबाहेर का पडतो?

एक कारण कानाशी निगडित आहे. गझलेत ते फार स्पष्ट दिसते. मतल्यातच श्रोत्यांना काफिया आणि रदीफ समजलेले असतात. पुढच्या शेराची पहिली ओळ कवी दोनदा म्हणतो. दुसरी ओळ कोठे जाऊन थांबणार हे सर्वांना ठाऊक असते. कोणत्या वाटेने जाणार, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. त्या अडवून धरलेल्या क्षणी सगळी सभा श्वास रोखते आणि रदीफ येताच एकदम दाद उमटते. सुरेश भटांच्या मैफली ज्यांनी ऐकल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुस्तकात हा क्षण सापडत नाही, कारण डोळा आधीच खालच्या ओळीवर उतरलेला असतो.

मुक्तछंदाला असा आधार नाही. तेथे ओळ कोठे तुटते ते कवीच्या श्वासावरून कळते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, त्या कवितेतले कितीतरी शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे त्यांनी तीत मोकळेपणाने लिहिले आहे. छापील पानावर असा शब्द वाचकाला अडवतो. उच्चारलेल्या कवितेत शब्द अनोळखी राहिला, तरी त्यातला संताप अनोळखी राहत नाही.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या हाती शतकानुशतके पाटी-पुस्तक येऊ दिले नाही, त्यांच्यासाठी जलसा हेच पुस्तक होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना स्वतःला अक्षरओळख झाली ती तरुणपणी, मुंबईत. त्यांची गीते वस्त्यावस्त्यांत पोहोचली ती गळ्यातून गळ्यात. पुढे मुले शिकली, घरात पुस्तके आली, तरीही ही गर्दी ओसरली नाही. मला वाटते, याचे कारण अपमानाच्या स्वभावात आहे. पाणवठ्यावर ऐकलेला शब्द किंवा आडनाव विचारताना बदललेली नजर माणूस स्वतःचीच लाज समजून आत दडपून ठेवतो. त्याच अनुभवाची कविता एकट्याने वाचली, तर मन हलते. पण लाज आतच राहते. भरल्या सभेत ती ऐकताना शेजारचा अनोळखी माणूस मान हलवतो, मागून कोणी ‘पुन्हा’ म्हणते, आणि आजवर आपल्या एकट्याचे वाटलेले दुःख शेकडो जणांचे आहे, हे डोळ्यांना दिसते. ते दिसल्यावर लाज ज्याची असायला हवी त्याच्याकडे जाते. वसतिगृहात शिकणारा मुलगा आणि अक्षर न ओळखणारी त्याची आई, दोघे तेथे सारख्याच योग्यतेचे श्रोते असतात. पुस्तकापुढे त्यांना ही बरोबरी लाभत नाही.

सगळीच संमेलने अशी नसतात, हेही खरे. पन्नास कवींची यादी असते, प्रत्येक जण आपल्या पाळीकडे डोळे लावून बसतो आणि दुसऱ्याचे कोणी ऐकत नाही. टाळीसाठी बेतलेली ओळ तर लगेच ओळखू येते. आपल्या शाळांतून काव्यवाचनाला तीन मिनिटांची घंटा आणि गुणांची पट्टी लावली जाते, तेही बंद व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे; कारण त्यामुळे मुले परीक्षकांकडे पाहून वाचतात, श्रोत्यांकडे त्यांचे लक्षच जात नाही.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणारी माणसे शिवाजी पार्कवर गायकांभोवती उभी राहून गीते ऐकतात आणि मग पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात. तेथून घेतलेली गीतांची पातळशी पुस्तिका घरी पोहोचली की बहुधा मोठ्यानेच वाचली जाते, आणि वाचणाऱ्याभोवती पुन्हा चार माणसे येऊन बसतात.