यंत्राचा दुभाषी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा खटला चालला. आरोपी आमचे धाकटे बंधु. फिर्यादी वडील, आणि न्यायाधीशही तेच. आरोप असा कीं, रात्रंदिवस खेळून आरोपीनें संगणकांतील ग्राफिक्स कार्ड जाळून टाकलें. पुरावा सबळ होता. खेळ सुरू होतांच पडदा काळा होई, क्षणभरानें उजळे आणि पुनः काळा होई. दुकानदारानेंही कार्ड गेल्याची साक्ष दिली व नव्याची किंमत सांगितली. ती ऐकून वडिलांनीं संगणकच विकून टाकण्याचा विचार बोलून दाखविला. परंतु खरा अपराधी निराळाच निघाला. त्याचें नांव ड्रायव्हर. त्याची ओळख आमच्या वाचकांस, विशेषतः पालकांस, करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ग्राफिक्स कार्डाचें काम पाहूं. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. ज्या पडद्यावर १,९२० स्तंभ व १,०८० ओळी असतात, त्यावर एकंदर २०,७३,६०० ठिपके होतात. खेळांत चित्र सेकंदास ६० वेळां बदलावयाचें, तर प्रत्येक सेकंदास १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हा भार मुख्य प्रोसेसरला झेपत नाहीं. म्हणून असंख्य लहान गणितें एकाच वेळीं करणारें हें कार्ड त्याच्या मदतीस दिलेलें असतें.

पण खेळाला कार्डाची भाषा येत नाहीं. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची अंतर्गत भाषा वेगळी, आणि पिढीगणिक तीही बदलते. म्हणून खेळ लिहिणारे आपल्या आज्ञा डायरेक्टएक्स किंवा व्हल्कन अशा एखाद्या सामाईक भाषेंत लिहितात, व त्यांचें कार्डाच्या भाषेंत भाषांतर ड्रायव्हर करतो. तो यंत्राचा सुटा भाग नसून एक प्रोग्रॅम आहे. दोन परकीयांमध्यें उभा असलेला दुभाषीच म्हणा ना!

दुभाषी चुकला तर काय होतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्यें इंटेल कंपनीनें आर्क ए७७० हें कार्ड विक्रीस आणलें. नव्या खेळांत तें बरें चाले. परंतु डायरेक्टएक्सच्या नवव्या आवृत्तीवर रचलेल्या जुन्या खेळांत अडखळे. कारण, जुन्या आज्ञांचें आधीं बाराव्या आवृत्तींत व मग कार्डाच्या भाषेंत, असें दुहेरी भाषांतर होत असे. पुढें कंपनीनें ड्रायव्हर सुधारला, आणि २०२३ च्या आरंभीं त्याच कार्डावर तसले अनेक खेळ पुष्कळ अधिक वेगानें धावूं लागले. कार्डांतील एक तारही बदललेली नव्हती!

कधीं दुभाषी लबाडीही करतो. २००१ सालीं एटीआय कंपनीच्या रेडियन ८५०० या कार्डाच्या परीक्षकांस आढळलें कीं, 'क्वेक ३' या खेळाच्या फाइलींतील 'क्वेक' हें नांव बदलून 'क्वॅक' केलें म्हणजे वेग घटतो, पण चित्रें अधिक रेखीव दिसतात. ड्रायव्हर खेळाचें नांव ओळखून, वेगासाठीं चित्रांची प्रत उतरवीत होता.

बहुतेक दोष मात्र लबाडीचे नसून कामाच्या पसाऱ्याचे असतात. खेळ असंख्य, कार्डें अनेक, विंडोजच्या आवृत्त्याही अनेक. या सर्वांशीं एकाच ड्रायव्हरनें जमवून घ्यावयाचें. एका खेळासाठीं केलेली दुरुस्ती दुसऱ्यास बाधते. मग खेळणारा चिडतो, आणि राग निघतो कार्डावर किंवा मुलावर.

आमच्या घरचा काळा पडदा हा त्यांतलाच प्रकार. कार्डाकडून सुमारें २ सेकंद उत्तर न आल्यास विंडोज ड्रायव्हरला थांबवून पुनः सुरू करते. तेवढा वेळ पडदा काळा दिसूं शकतो. "हें कधीं सुरू झालें, आणि त्याच्या आदल्या दिवशीं काय बदललें?" असें आम्हीं आरोपीस विचारलें. तो म्हणाला, "दादा, परवा नवा ड्रायव्हर आपोआप आला होता." बस्स! सेफ मोडमध्यें जाऊन तो ड्रायव्हर समूळ काढला, कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आधींची आवृत्ति आणून बसविली, व फिर्यादीसमक्ष खेळ तासभर चालविला. पडदा एकदांही काळा झाला नाहीं.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, नवें कार्ड घेण्यापूर्वीं हा उपाय करून पाहावा. त्यास खर्च नाहीं. चालूं ड्रायव्हरचा आवृत्ति-क्रमांक वहींत टिपून ठेवावा, म्हणजे परत फिरतां येतें. मात्र जुन्या आवृत्तीवर कायम बसूं नये. नव्या आवृत्त्यांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही असतात, म्हणून दोष दूर झालेली आवृत्ति येतांच ती घ्यावी. दोन-तीन आवृत्त्या बदलूनही त्रास टळला नाहीं, तर मग उष्णता, वीजपुरवठा व शेवटीं कार्ड यांवर संशय घ्यावा. दुभाष्याची चूक बोलणाऱ्याच्या माथीं मारणें हा अन्याय होय.

आमच्या घरच्या खटल्याचा निकाल त्याच रात्रीं जेवतांना लागला. आरोपी निर्दोष सुटला, आणि न्यायाधीशांनीं स्वतःच्या ताटांतली करंजी त्याच्या ताटांत वाढली. मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत खेळ रोज एकच तास, अशी आज्ञाही त्यांनीं सोबत दिली. आणि तीस भाषांतराची गरज पडली नाहीं.