चार चाकांचा जोर आणि बसणाऱ्याची पाठ

ओतूर सोडून माळशेज घाटाच्या दिशेने निघाले की मढ लागते. डांबरी हमरस्ता आहे खरा, पण सगळ्या वाड्यावस्त्या काही हमरस्त्याला लागून नाहीत. आषाढात भातखाचरे तुडुंब भरली की वाडीच्या वाटेचा नुसता राबडा होतो. अशा वेळी अडलेली बाई दवाखान्यात न्यायची, तर गाडी रुतता कामा नये आणि आतल्या माणसाला गचकेही बसता कामा नयेत. या दोन गोष्टींचे आपसांत फारसे पटत नाही. म्हणून चारही चाकांना जोर असलेली गाडी घेताना काय पाहावे, ते समजून घेऊ.

ही गाडी आपल्याला नवी नाही. महिंद्रा कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला चारही चाकांशी पोलादी पाटे असत. पाटे ओझ्याच्या हिशेबाने घडवलेले असतात. गाडी भरलेली असली की ते दबतात, रिकामी असली की ताठ राहतात आणि पाठीचा खुळखुळा करतात. २०१० साली आलेल्या थार गाडीला मागे पाटेच होते. २०२० च्या नव्या थारला चारही ठिकाणी कॉइल स्प्रिंग आली आणि गचके पुष्कळ कमी झाले.

एकाच गाडीच्या दोन नमुन्यांतही फरक असतो. २०२० साली थारचे एएक्स आणि एलएक्स असे नमुने आले. एएक्सला १६ इंची साधी लोखंडी चाके, तर एलएक्सला १८ इंची मिश्रधातूची. मोठे चाक दिसायला ऐटदार. पण रिम मोठी झाली की टायरची भिंत बुटकी होते. खड्ड्याचा पहिला धक्का ही भिंतच सोसते. उंच भिंतीचा टायर दगडावर दबतो आणि रिम वाचते. म्हणजे येथे स्वस्त नमुनाच खडकाळ वाटेला बरा.

आता गाडीची लांबी पाहा. तीन दारांच्या थारमध्ये पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर २४५० मिलिमीटर. २०२४ साली आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये ते २८५० मिलिमीटर. अंतर वाढले की गाडी कमी डुलते, आजारी माणसाला आडवे करायला जागा मिळते. पण बांध ओलांडताना पोट टेकण्याचा धोका वाढतो. शिक्षकबंधूंनी वर्गात एक लहान व एक लांब खेळण्यातली गाडी पट्टीच्या धारेवरून ओढून दाखवावी. मुलांना हे चटकन उमजेल.

आणखी एक गोष्ट म्हणजे डिफरन्शियल. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ही योजना असते. पण एक चाक चिखलात सुटले की ते नुसते गरगरते आणि दुसरे, घट्ट जमिनीवरचे चाक, स्वस्थ बसते. डिफरन्शियलला लॉक असेल तर दोन्ही चाके बरोबर फिरतात. राबड्याच्या वाटेला असा लॉक आणि चढणीला लागणारा लो गिअर, यांवर खर्चलेला पैसा वाया जात नाही. केवळ मागच्या चाकांवर चालणारे नमुनेही अशाच रूपात विकले जातात, तेव्हा नुसत्या दिसण्यावर जाऊ नये.

मात्र चार चाकांचा जोर चालण्यासाठी आहे, थांबण्यासाठी नाही. घाटात धुके आणि ओला रस्ता असेल, तर ब्रेक लावल्यावर ही गाडीही इतरांसारखीच घसरते. तसेच चारही चाके एकत्र जोडणारा दांडा कोरड्या डांबरावर टाकू नये. टायर व गिअर झिजतात.

शेवटी, गाडी घेण्यापूर्वी ती हमरस्त्यावर फिरवून समाधान मानू नका. माणसे भरून आपल्या वाडीच्या वाटेने न्या आणि स्वतः मागच्या बाकावर बसा. आजाऱ्याची जागा तिथेच असते.