गंज कुठे चढतो? : मध्यमवयात कॉकपिटकडे परतताना

वैमानिकाच्या लॉगबुकातले तास कधी कमी होत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी शिकाऊ सेसनामध्ये काढलेला अर्धा तासही शेवटच्या बेरजेत असतो, आणि मधली आठ वर्षं तुम्ही विमानं फक्त गच्चीतून पाहिली असली तरी बेरजेतून काही वजा होत नाही. २०१४ मध्ये मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या वहीत ६,२०० तास होते. बहुतेक बोइंग ७३७ वरचे, आणि शेवटची तीन वर्षं डाव्या खुर्चीतली, म्हणजे कमांडर म्हणून. आईला पक्षाघात झाला होता, वडिलांच्या मागे साताऱ्यातला छापखाना पाहायला कोणी नव्हतं. नोकरी मी आपखुशीनं सोडली. २०२२ मध्ये परत अर्ज केला तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो आणि वहीतला आकडा तोच होता. या आठ वर्षांत नेमकं काय गेलं, हे सांगणारा रकाना त्या वहीत नाही. परतल्यावर जे वाचलं आणि जे पाहिलं, त्याच्या आधारे तो रकाना भरून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

लोक पहिल्यांदा विचारतात ते वयाचं. अमेरिकेत प्रवासी विमान चालवण्यासाठी साठीची मर्यादा १९६० पासून होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, म्हणजे 'आयकाओ'नं, नोव्हेंबर २००६ पासून ती ६५ वर नेली. अमेरिकेनं डिसेंबर २००७ मध्ये तोच आकडा स्वीकारला. आपल्याकडेही आज ६५ हीच मर्यादा आहे. ४६ व्या वर्षी परतणाऱ्याच्या हाती जुन्या नियमानं १४ वर्षं उरली असती, आता १९ उरतात. प्रशिक्षणाचा खर्च आणि पुन्हा कमांडर होईपर्यंतची वाट धरली, तर या पाच वर्षांमुळेच हा व्यवहार परवडतो. (जे. आर. डी. टाटांनी १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते मुंबई हे आपलं १९३२ चं उड्डाण पुन्हा केलं, याचा दाखला मला निदान दहा जणांनी दिला. पण ते विमानात एकटेच होते. वयाची मर्यादा आहे ती मागे बसलेल्या १८० जणांसाठी.)

वैद्यकीय तपासणीची धास्ती मला सर्वांत जास्त होती, आणि तीच सर्वांत सोपी गेली. ईसीजी, रक्तातली साखर, श्रवण, डोळे. साठीपर्यंत ती वर्षातून एकदा, पुढे दर सहा महिन्यांनी. चाळिशीचा चष्मा चालतो. अट एवढीच की दुसरा चष्मा जवळ हवा. गंमत अशी की नेहमीच्या दुहेरी चष्म्यात वाचायची काच खालच्या बाजूला असते आणि कॉकपिटमधली निम्मी बटणं डोक्यावरच्या पॅनेलवर. म्हणून काही वैमानिक वरच्या बाजूलाही वाचायची काच बसवून घेतात. माझ्या चष्मेवाल्याला हे पटवायला दोन खेपा पडल्या.

वय आणि कौशल्य यांच्याबद्दल स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांची सिम्युलेटरवर तीन वर्षं दर वर्षी चाचणी घेतली. पहिल्या चाचणीत वयस्क मंडळी तरुणांपेक्षा मागे होती. पण पुढच्या वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली, आणि ज्यांचं प्रशिक्षण वरच्या दर्जाचं होतं ते सर्वच वयांत अधिक टिकून राहिले. हे सारे नियमित उडवणारे होते, माझ्यासारखे घरी बसलेले नव्हेत, त्यामुळे यातून फार सांत्वन करून घेणं बरोबर नाही. वय हा एकटा गुन्हेगार नाही, इतकंच त्यातून निघतं.

दुसरी अडचण शरीरातली नव्हे, यादीतली. विमान कंपनीत वैमानिकाचं सगळं आयुष्य ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर चालतं. कमांड कधी, मुक्काम कुठल्या शहरात, कुठली उड्डाणं, कुठली रजा, सारं त्यावर. आणि हा क्रमांक ना वयावर ठरतो, ना तासांवर. त्या कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतो. कंपनी बदलली की माणूस तळाशी. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि जेटची एप्रिल २०१९ मध्ये. तेव्हा तिथल्या वैमानिकांचे वर्षानुवर्षं जपलेले क्रमांक निव्वळ आकडे उरले. काही कंपन्या बाहेरून थेट कमांडर घेतात, पण त्या जातीचं विमान अलीकडेपर्यंत चालवत असणाऱ्यांना. मला उजवी खुर्ची मिळाली, सहवैमानिकाची, आणि तीही नव्या विमानाच्या प्रशिक्षणाचे लाखो रुपये स्वतः भरल्यावर. गेल्या तीन दिवाळ्यांपैकी दोन लक्ष्मीपूजनं परगावच्या हॉटेलात झाली.

तरीही ही पद्धत मोडावी असं मला वाटत नाही. जुलै १९१९ मध्ये अमेरिकेच्या हवाई टपाल सेवेत दोन वैमानिकांना धुक्यात उड्डाणाला नकार दिला म्हणून काढून टाकलं, आणि बाकीच्यांनी संप केला. 'आज उडणार नाही' असं म्हणणाऱ्याची बढती साहेबाच्या मर्जीवर असेल तर तो किती वेळा तसं म्हणेल? यादी आंधळी आहे, म्हणूनच ती त्याला वाचवते. माझ्यासारख्याला त्याची किंमत मोजावी लागते, ती मी मोजतो.

आता मूळ प्रश्न. नव्या विमानाचं, एअरबस ए३२० चं, प्रशिक्षण ग्रेटर नोएडातल्या एका सिम्युलेटरवर झालं. सिम्युलेटर चोवीस तास चालतात आणि नवख्यांच्या वाट्याला बहुधा रात्रीचे दोन येतात. प्रशिक्षकानं उड्डाणाच्या ऐन क्षणी, थांबणं शक्य नसताना, एक इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं हात कापतील. पण विचार यायच्या आधी पाय रडरवर गेला होता, नाक सरळ होतं. आठ वर्षं छापखान्यात कागदाची रिमं मोजणाऱ्या माणसाचा तो पाय!

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ३६,००० फुटांवरून उतरायला कधी लागायचं, याचा जुना ठोकताळा आहे: हजारांतल्या उंचीला तीननं गुणा. छत्तीस त्रिक एकशे आठ. म्हणजे सुमारे १०८ सागरी मैल आधी. वेग कमी करायला आणखी दहा, मागून वारा असेल तर आणखी थोडे. हे गणित पूर्वी माझ्या डोक्यात घड्याळासारखं चालू असे. प्रशिक्षकानं नकाशाचा पडदा बंद करून विचारलं, "सर, आत्ता आपण उंच आहोत की बरोबर?" उत्तर मी बरोबर दिलं, पण त्याला अर्धं मिनिट लागलं. ताशी ३०० मैलांनी जाणारं विमान तेवढ्यात अडीच मैल पुढे गेलेलं असतं. वैमानिकांच्या बोलीत अशा माणसाला 'विमानाच्या मागे पडलेला' म्हणतात.

हा माझा एकट्याचा अनुभव नाही, हे नंतर कळलं. 'नासा'च्या स्टीफन कॅसनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोकरीत असलेल्या १६ वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरवर बसवून स्वयंचलित मदत टप्प्याटप्प्यानं काढून घेतली होती. उपकरणांवर नजर फिरवणं, हातानं विमान स्थिर ठेवणं ही कसबं फारसा सराव नसतानाही बरीच शाबूत निघाली. ढासळलं होतं ते डोक्यातलं काम: नकाशाशिवाय आपण कुठे आहोत याचं भान, पुढचं पाऊल ठरवणं, उपकरण बिघडलंय हे ओळखणं. आणि यंत्र उडवत असताना ज्यांचं मन विमानासोबत राहत होतं, त्यांचं हे काम अधिक टिकलेलं दिसलं.

हे वाचून मी दोनदा थांबलो. या सोळांपैकी कोणी घरी बसलेला नव्हता. म्हणजे गंज चढायला नोकरी सोडावी लागत नाही. खुर्चीत बसूनही तो चढतो. परतणाऱ्यात तो दिसतो, कारण त्याच्याकडे सगळे संशयानं पाहतात. रोज उडणाऱ्याला नियम विचारतो ते ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं. ती हाताची परीक्षा आहे.

एक अडचण मात्र खास परतणाऱ्याची आहे. माझे कमांडर बहुतेक वेळा तिशीतले असतात. आपल्या कॉकपिटमध्ये सगळेच सगळ्यांना 'सर' म्हणतात: तो मला वयामुळे, मी त्याला खुर्चीमुळे. ऐकायला हे गोड आहे. पण १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो धडकून ५८३ माणसं गेली, तेव्हा त्यातल्या एका विमानात समोरची धावपट्टी मोकळी नसावी ही शंका कनिष्ठानं बोलून दाखवली होती, आणि ज्येष्ठानं ती झटकली. त्यानंतर कनिष्ठानं ठामपणे बोलावं आणि ज्येष्ठानं ऐकावं, याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. त्यात गृहीत धरलेला कनिष्ठ वयानंही लहान आहे. इथे भीती उलटी: तरुण कमांडर माझ्या पिकल्या केसांकडे पाहून स्वतःचा निर्णय गिळेल का? किंवा माझा जुना कमांडर जागा होऊन हात पुढे जाईल का? एअरबसमध्ये हे जास्त नाजूक आहे. बोइंगचे दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले असतात, शेजाऱ्यानं ओढलं की आपल्या हाताला कळतं. एअरबसच्या बाजूच्या काठ्या जोडलेल्या नाहीत. दोघांनी हलवल्या तर विमान त्यांची बेरीज करतं आणि फक्त इशारा देतं. २००९ साली एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये पडून २२८ जण गेले; एक वैमानिक नाक वर ओढत राहिला होता, आणि शेजाऱ्याला ते वेळेवर उमगलं नाही.

म्हणून उड्डाणापूर्वीच्या बोलण्यात मी आता एक वाक्य घालतो: "सर, मी सुचवेन, निर्णय तुमचा, आणि मी बोललो नाही, तर मला विचारा." एका कॅप्टननं हसून म्हटलं, "काका, तुम्ही आधी सर म्हणायचं थांबवा." ते अजून जमलेलं नाही.

दर सहा महिन्यांनी होणाऱ्या सिम्युलेटर तपासणीत पुन्हा इंजिन बंद पडतं, पुन्हा पाय आपोआप जातो, आणि शेरा मिळतो. नकाशाचा पडदा बंद करून उतरण्याचं गणित करायला कुणी सांगत नाही. मी ते मागून घेतो. ठरलेला अभ्यास संपून वेळ उरला, तर प्रशिक्षक पडदे काळे करतो आणि विचारत राहतो: आत्ता कुठे, किती उंच, पुढे काय. गेल्या खेपेस बारा मिनिटं उरली होती. शेजारच्या खुर्चीतल्या २९ वर्षांच्या कमांडरनं, ज्याच्या नोकरीत एका दिवसाचाही खंड नाही, ते संपल्यावर पुढच्या तपासणीसाठी आपल्याही नावापुढे तेच लिहायला सांगितलं.