अरण्यांतील एका गांवाचें स्वराज्य

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग उभी आहे. तिच्या पायथ्याशीं, जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत, भिल्ल, कोरकू व निहाल लोकांच्या वस्त्या आहेत. निहालांची भाषा इतर कोणत्याही भाषाकुलाशीं जुळत नाहीं, हें भाषापंडितांचें मोठें कोडें आहे. परंतु या वस्त्यांविषयीं बोलतांना आपण सुशिक्षित लोक 'त्यांच्यासाठीं काय करावें' एवढेंच विचारितों. 'ते स्वतः काय करूं शकतात' हें विचारीत नाहीं. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर विदर्भाच्याच पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यांत सांपडतें.

तेथें धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें गोंड लोकांचें लहानसें गांव आहे; शेजारच्या लेखा गांवावरून त्यास मेंढा-लेखा म्हणतात. इ. स. १९८४ च्या सुमारास गोदावरी व इंद्रावती या नद्यांवरील नियोजित धरणांविरुद्ध आदिवासींनीं जी चळवळ केली, तींत या गांवचे लोक होते. पुढें 'दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा देशभर गाजली. घोषणा करणें सोपें असतें. आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यांची रीत. ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वांच्या संमतीनें होतो. कोणाचा विरोध असला तर विषय थांबतो व पुनः चर्चा होते. वादविवाद-मंडळांत हात मोजून जिंकावयाची संवय झालेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हें विचित्र वाटेल. पण विचार करा, तेथें हरलेला पक्षच उरत नाहीं. मग ठराव मोडावयाचा कोणीं?

निर्णयापूर्वीं अभ्यास करावयाचा, ही त्यांची दुसरी रीत. त्यासाठीं गांवांत अभ्यासगट बसतो. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी त्यांत असतात, व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्रही माहिती घेऊन येत असत. निर्णय मात्र ग्रामसभेचाच. या अभ्यासाचा उपयोग पुढें झाला. २००६ सालीं वनहक्क कायदा झाला, आणि २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकतां येईना. कारण वनखातें बांबूस इमारती लाकूड समजे. कायद्यांत तर बांबूची गणना गौण वनोपजांत स्पष्टपणें केलेली होती, आणि गांवानें कायदा वाचला होता! अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं वाहतूक-परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें.

आरोग्याच्या बाबतींत हीच गोष्ट त्याच तालुक्यांत 'सर्च' या संस्थेंत दिसते. डॉ. अभय व राणी बंग हें दांपत्य १९८६ सालापासून गडचिरोलींत काम करीत आहे. इस्पितळाची भीति वाटूं नये म्हणून त्यांनीं तें गोंडांच्या खेड्यासारखें बांधिलें व त्यास दंतेश्वरी देवीचें नांव दिलें. न्युमोनिया ओळखण्यास बालकाचे श्वास मोजावे लागतात. पण निरक्षर दाईनें मोजावें कसें? त्यांनीं एक साधें यंत्र केलें: एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ व सरकते मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबड्या मण्यापाशीं पोंचलें तर औषध सुरू. पुढें ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांस नवजात अर्भकांची घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. त्या गरजेप्रमाणें इंजेक्शनही देऊं लागल्या. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात अर्भकांचें मृत्युप्रमाण, हें काम नसलेल्या गांवांच्या तुलनेनें, ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. डॉक्टर दूर राहिला तरी विद्या गांवांतच राहिली.

मेंढ्यास लागू झालेला कायदा आमच्या सातपुड्याच्या वस्त्यांसही लागू आहे. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेनें करावयाचा असतो, आणि जंगल पूर्वापार कसें वापरलें याविषयीं वृद्धांचें कथन लिहून घेतलें तर तेंही पुराव्यांत धरलें जातें. तें कथन कोरकूंत किंवा निहालींत होईल, आणि दावा मराठींत लिहावा लागेल. जळगांव-संग्रामपुराकडील ज्या मुलामुलींस या दोन्ही भाषा येतात, त्यांनीं येत्या सुटींत आपल्या आजोबांजवळ वही घेऊन बसावें.