बोटभर पाण्याचा आधार
विजेवर धावणाऱ्या वेगनौकेची घडण

विजेवर चालणाऱ्या आणि रेडिओलहरींच्या साहाय्याने काठावरून हाकल्या जाणाऱ्या छोट्या वेगनौकेला 'प्रतिकृती' म्हणण्याचा प्रघात असला, तरी शास्त्राच्या दृष्टीने ते नाव तिला पुरते लागू पडत नाही. कारण ही नौका ज्या वेगाने धावते, त्या वेगात तिचे पाण्याशी आणि हवेशी जे नाते जुळते, ते तिच्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या नौकेच्या वाट्याला क्वचितच येते. हा फरक ध्यानात घेतला, की तळाची एखादी कड धारदार करण्यात किंवा पितळेची नळी योग्य बाकात बसवण्यात कारागीर संध्याकाळच्या संध्याकाळ का घालवतो, हेही उलगडते.

नौकांच्या लहान-मोठ्या आकारांचे गणित विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने मांडले. टॉर्की येथे बांधलेल्या लांब कुंडात १८७२ पासून मेणाच्या प्रतिकृती ओढून त्याने दाखवून दिले, की छोट्या नौकेभोवती मोठीसारख्याच लाटा उठायच्या असतील, तर वेग लांबीच्या प्रमाणात नव्हे, त्या प्रमाणाच्या वर्गमुळात कमी करावा लागतो. म्हणजे ताशी १०० किलोमीटर धावणाऱ्या १० मीटर लांबीच्या नौकेची १ मीटरची प्रतिकृती ताशी सुमारे ३२ किलोमीटरने धावली, तर ती मूळ नौकेशी प्रामाणिक राहिली असे म्हणता येईल. शर्यतीच्या नौका बांधणाऱ्याला हा वेग मुळीच पुरत नाही. त्याची १ मीटरची नौका ताशी ८० किलोमीटर धावते, तेव्हा फ्रूडच्या हिशेबाने ती ताशी २५० किलोमीटर धावणाऱ्या मोठ्या नौकेची बरोबरी करत असते, आणि या वेगात तिला पाण्याइतकीच हवाही उचलत असते.

पाणी बाजूला सारत जाणारी पाऊण मीटर लांबीची नौका ताशी सुमारे ४ किलोमीटरच्या पुढे गेली, की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकू लागते. तिथून सुटण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पाण्यातून बाहेर पडून त्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाण्याचा, ज्याला नौकाशास्त्रात प्लेनिंग म्हणतात. वेगनौकेच्या तळाचा सारा विचार या घसरण्याभोवती फिरतो. 'मोनो' या एकसंध नौकेचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल असतो आणि त्यावर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत उभ्या पट्ट्या असतात. या पट्ट्या आणि मागची कड बोटाला टोचेल इतक्या धारदार असाव्या लागतात, कारण गोल कडेला पाणी चिकटून वर चढते, तर धारदार कडेवरून ते तुटून वेगळे होते. साच्यातून निघालेल्या काचतंतूच्या नौकेची कड सहसा थोडी गोलच असते, म्हणून इपॉक्सी भरून, सपाट ठोकळ्यावर पॉलिशपेपर ताणून ती पुन्हा उभी करणे हे बांधणीतले पहिले काम ठरते. त्यानंतर पोलादी पट्टी तळाच्या मागच्या भागावर धरून उजेडाची फट पाहिली जाते. तळ आत खोलगट असेल तर नौका नाळ खाली दाबून धावते, बाहेर फुगीर असेल तर वेगात नाळ वरखाली आपटत राहते, आणि हे दोन्ही दोष अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही जाणवतात. गुरुत्वमध्य मोनोमध्ये मागच्या कडेपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर ठेवतात; बॅटऱ्या पुढे-मागे सरकवता याव्यात अशा बसवण्यामागे हेच कारण आहे.

दुसरे टोक म्हणजे 'रिगर'. यात मधली अरुंद होडी आणि तिच्यापासून कार्बनच्या नळ्यांनी दूर धरलेले दोन छोटे तराफे असतात, आणि पूर्ण वेगात पाण्याला टेकते ते फक्त या दोन तराफ्यांच्या टाचांनी आणि मागच्या पंख्याने, म्हणजे प्रोपेलरने. नौकेचे मागचे टोक पंख्याच्या उचलीवरच तरंगत ठेवण्याची ही कल्पना खेळण्यातून आलेली नाही. सिअ‍ॅटलच्या टेड जोन्स याने आखलेल्या 'स्लो-मो-शन ४' या मोठ्या नौकेने २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी १६०.३२३ मैल, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला, तो अर्धा पंखा पाण्याबाहेर ठेवूनच. त्यानंतर शर्यतीच्या नौकांची घडण बदलली, आणि त्या बदलाचे सर्वांत शुद्ध रूप आज छोट्या रिगरमध्ये दिसते.

कोकणचा मच्छीमार ज्याला पंखा म्हणतो, तो प्रोपेलर हा या नौकेचा सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक भाग होय. त्याचा वरचा अर्धा भाग हवेत आणि खालचा पाण्यात फिरतो. ऑक्टुरा या जुन्या अमेरिकी उत्पादकाच्या पंख्यांचे क्रमांक बांधणाऱ्यांच्या तोंडी असतात: '४४२' म्हणजे व्यास ४२ मिलिमीटर आणि 'पिच' व्यासाच्या १.४ पट. पिच म्हणजे घसरण न होता पंखा एका फेऱ्यात जितके अंतर कापेल ते, जसा स्क्रू एका फेऱ्यात लाकडात शिरतो. इथे ते ५८.८ मिलिमीटर भरते. मोटरवर लिहिलेला केव्ही हा आकडा दर व्होल्टमागे मिळणारे मिनिटाचे फेरे सांगतो. २००० केव्हीची मोटर ४ सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या बॅटरीवर मिनिटाला २९,६०० फेरे घेईल, आणि ५८.८ मिलिमीटरने गुणल्यास ताशी १०४ किलोमीटर एवढा कागदी वेग निघतो. भाराखाली व्होल्टेज आणि फेरे घटतात, पंखाही पाण्यात थोडा घसरतो, त्यामुळे तळ्यावर यातले ७० ते ८० किलोमीटर हाती लागले तर जुळणी चांगली मानावी.

या हिशेबातला धोका व्यासात दडलेला आहे. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या तिसऱ्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून ४० मिलिमीटरच्या जागी ४२ मिलिमीटरचा पंखा लावला, तर फेरे तेवढेच राहिल्यास मागणी सिद्धांताने सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. नवशिक्याची मोटर किंवा वेगनियंत्रक जळतो तो बहुधा या दोन मिलिमीटरांमुळे, आणि म्हणूनच अनुभवी माणसे लहान पंख्यापासून सुरुवात करून, दर फेरीनंतर मोटरचे तापमान मोजून, एकेक पायरी वर चढण्याचा आग्रह धरतात. हा आग्रह कंटाळवाणा वाटला तरी रास्त आहे.

विकत आणलेला धातूचा पंखा तसाच वापरता येत नाही. त्याच्या पात्यांना पुढून धार लावावी लागते आणि जड पाते मागून घासून दोन्ही पाती समतोल करावी लागतात, एरवी मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांत सारी नौका थरथरते. ऑक्टुराचे पंखे बेरिलियम-तांब्याच्या मिश्रधातूचे असतात आणि बेरिलियमची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचा कायमचा आजार जडू शकतो. त्यामुळे हे काम पाण्याखाली ओल्या पॉलिशपेपरने, मुखपट्टी आणि हातमोजे घालूनच करायचे असते. घरातल्या जेवणाच्या टेबलावर तर कधीच नाही.

मोटरची ताकद पंख्यापर्यंत नेण्यासाठी सरळ कांबीऐवजी तारांच्या अनेक पदरांची पीळदार लवचीक तार वापरतात, कारण मोटर तळाशी तिरकी बसते आणि पंखा मात्र पाण्याला जवळपास समांतर फिरायला हवा. ही तार पितळेच्या नळीतून, बहुतेकदा आतल्या टेफ्लॉनच्या अस्तरावर फिरते. नळीचा बाक एकसंध, कुठेही न मोडलेला असावा लागतो. मोडलेल्या जागी घर्षण वाढून बॅटरीतली वीज उष्णतेत वाया जाते. भार पडला की तारेचा पीळ घट्ट होऊन ती आखडते, म्हणून पंख्याच्या पुढचा कळीचा तुकडा आणि धारकाची नळी यांच्यात काही मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवावी लागते. दिवसाअखेर तार बाहेर काढून, पुसून, नवे ग्रीस लावून परत घालणे ज्याच्या अंगवळणी पडत नाही, त्याची तार गंजून ऐन शर्यतीत तुटते.

या नौकांना आजचा वेग मिळाला तो दोन बदलांमुळे: कार्बनच्या घासणाऱ्या ब्रशांऐवजी विजेची दिशा इलेक्ट्रॉनिक रीतीने पालटणारी ब्रशलेस मोटर आली, आणि निकेलच्या सेलची जागा हलक्या लिथियम-पॉलिमर सेलने घेतली. १४.८ व्होल्टवर १०० अँपिअर ओढले, तर सुमारे दीड किलोवॉट, म्हणजे दोन अश्वशक्तीइतकी ताकद त्या मूठभर मोटरीतून वाहते, आणि ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्या दराने ३ मिनिटांत रिकामी होते. उष्णता हटवण्यासाठी सुकाणूच्या पुढच्या कडेला पाडलेल्या छिद्रातून धावत्या नौकेत आपोआप शिरणारे पाणी सिलिकॉनच्या नळीने वेगनियंत्रकात आणि मोटरभोवतीच्या कवचात फिरवून बाजूने बाहेर सोडतात; ती चिळकांडी काठावरून दिसणे म्हणजे थंडावा चालू असल्याची खूण. साध्या प्रतीचे निओडायमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली शक्ती गमावू लागतात, हे लक्षात घेतले की या चिळकांडीचे मोल कळते. बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, भरत असताना जागा सोडू नये, आणि आपटून फुगलेला सेल पुन्हा वापरू नये, कारण लिथियमची आग पाण्याच्या काठावरही आटोक्यात येत नाही.

हाकण्याच्या यंत्रणेविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी नौका दाखवली आणि ८ नोव्हेंबर १८९८ रोजी तिचे पेटंट मिळवले; तीही बॅटरी आणि विजेच्या मोटरीवरच चालत होती. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर काम करतात. या लहरी पाण्यातून जात नाहीत आणि कार्बनचे कापड त्यांना अडवते, म्हणून ग्राहकयंत्राची अँटेना नौकेच्या वरच्या भागातून उंच काढावी लागते, आणि संदेश तुटताच मोटर थांबेल अशी व्यवस्था आधी तपासावी लागते.

शर्यतीचे नियम दोन परंपरांत वाटलेले आहेत. अमेरिकेत सेलच्या संख्येवर वर्ग ठरतात, सहा तरंगत्या खुणांभोवती लंबवर्तुळाकार फेऱ्या होतात, आणि सरळ धावेत ३३० फूट अंतर दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढतात. युरोपातल्या नाविगा या जागतिक संघटनेच्या वर्गांत बॅटरीच्या वजनावर मर्यादा असते आणि शर्यत सहा मिनिटे चालते, त्यामुळे तिथे हाकणाऱ्याला वीज पुरवून पुरवून वापरावी लागते. भारतात राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याच्या स्पर्धा होतात आणि त्यात चालत्या प्रतिकृतींनाही स्थान आहे.

लंबवर्तुळाकार शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात, म्हणून वळणात नौकेला धरून ठेवणारे धातूचे धारदार पाते उजव्या बाजूलाच लावलेले असते. पाण्यात एक-दोन बोटे बुडालेले ते पाते, अर्धा पंखा आणि अरुंद सुकाणू, एवढ्यांवर वळणातला सारा ताण येतो. सरळ धावेत मात्र धोका वरून येतो: नाळ जराशी उचलली गेली, की तिच्याखाली शिरणारी हवा तिला आणखी उचलते आणि नौका मागे उलटते. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टनच्या सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेलची 'ब्लूबर्ड के-७' ताशी ३०० मैलांहून अधिक वेगात अशीच उचलली गेली आणि त्यात त्याचा अंत झाला.

छोटी नौका उलटली तर तिच्यात माणूस नसतो, पण ती तळ्याच्या मध्यभागी असते. यावरचा मोनोतला उपाय या सगळ्या बांधणीत सर्वांत सुंदर म्हणावा असा आहे. नौकेच्या एका बाजूला, आतून भिंत घालून, एक पोकळ कप्पा वेगळा करतात आणि त्याच्या वरच्या भागाला आणि मागच्या टोकाला छिद्रे ठेवतात. दुसऱ्या बाजूला फोम भरतात. नौका पालथी पडली, की त्या कप्प्यात पाणी शिरते, ती बाजू जड होऊन खाली जाते, फोमची बाजू वर येते आणि कुणाचा हात न लागता नौका हळूहळू सुलटी होते. मग काठावरून अगदी सावकाश वेग दिला जातो, नाळ उचलली जाते, मागच्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वाहू लागतात, आणि कप्पा रिकामा होत जाईल तसतशी ती पुन्हा पाण्यावर चढते.