नवग्रहांची बस आणि चाकांची खुर्ची

"मला इथेच राहू दे. तुम्ही सगळे दर्शन घेऊन या. मी बसमधूनच हात जोडते."

तिसऱ्या देवळापाशी बस थांबली तेव्हा सासूबाई असे म्हणाल्या, आणि आमच्या कुंभकोणमच्या यात्रेतला सारा आनंद तिथेच मावळला.

अर्धांगाच्या झटक्यानंतर गेली चार वर्षे सासूबाई चाकांच्या खुर्चीवर आहेत. घरात त्यांचे काही अडत नाही. भाजी निवडतात, नातवंडांचा अभ्यास घेतात, शब्दकोडे सोडवतात. नवग्रहांचे दर्शन घ्यावे ही त्यांची फार दिवसांची इच्छा. दोन रात्रींचा रेल्वेप्रवास त्यांनी हसत केला. कुंभकोणमला पोहोचल्यावर एका खासगी प्रवासी कंपनीच्या बसमध्ये आम्ही जागा राखून ठेवल्या. "आजींना चढवायला माणसे आहेत," असे फोनवर सांगण्यात आले होते.

माणसे होतीही. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उचलले, तीन उंच पायऱ्या चढवल्या आणि सीटवर ठेवले. पदर सुटला, चष्मा पडला, रांगेतले लोक बघत राहिले. उतरताना पुन्हा तेच. दोन देवळांत चार वेळा! सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे मला दुपारी कळले. मध्येच उतरायची वेळ येऊ नये म्हणून!

"आई, निदान थोडे पाणी तरी घ्या," मी म्हटले.

"नको गं. लोक वाईट नाहीत. पण मी काय पोते आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पायरीचे गणित

परत आल्यावर ह्यांनी कागद-पेन्सिल घेऊन मला हिशोब समजावला. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या बसची जमीन रस्त्यापासून सुमारे एक मीटर उंच असते, कारण अशी बस मुळात ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. खुर्ची सहज वर जावी म्हणून इमारतींसाठी ठरलेला उतार असतो बारास एक, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबीचा रॅम्प. मोठी बसच मुळी बारा मीटर लांब! म्हणजे बसला बसएवढाच रॅम्प जोडावा लागेल.

म्हणून उपाय रॅम्पपासून नव्हे, बसच्या जमिनीपासून सुरू होतो. 'लो-फ्लोअर' बसची जमीन रस्त्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरच असते. थांब्यावर ती दाराच्या बाजूला थोडी झुकते, जणू उंट बसतो तशी. पदपथ १५ सेंटिमीटर उंच असेल, तर उरते अंतर वीतभर. मग दारातली फळी उघडली की खुर्ची आत. दाराजवळ खुर्चीपुरती मोकळी जागा आणि ती जखडायला पट्टा असला की झाले.

पण एक अट आहे. चालकाने बस पदपथाला खेटून उभी करायला हवी. ती रस्त्याच्या मधोमध थांबली की तीच फळी घसरगुंडी होते. म्हणजे बस, थांबा आणि चालक, तिघांचेही जुळले पाहिजे.

साहेबाच्या देशातही भांडावेच लागले

माझी भाची अमेरिकेत असते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या विशाल करमणूक उद्यानात ती तिच्या सासऱ्यांना घेऊन गेली होती. तिथे हॉटेलपासून उद्यानापर्यंत बस धावतात. खुर्चीवरच्या पाहुण्याला चालक फळी टाकून आत घेतो आणि खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधतो. वृद्ध मंडळी तिथे बॅटरीवर चालणाऱ्या तीन-चार चाकी छोट्या स्कूटर भाड्याने घेतात. त्याही बसमध्ये चढतात, मात्र माप ठरलेले: ३२ इंच रुंद, ४८ इंच लांब. त्याहून मोठी असेल तर जागा नाही.

"त्यांचे काय, श्रीमंत देश!" असे आपण पटकन म्हणतो. पण १९७८ च्या जुलै महिन्यात डेन्व्हर शहरात १९ अपंग माणसांनी भर चौकात बस अडवून रात्र रस्त्यावर काढली होती. आम्हाला बसमध्ये चढता आले पाहिजे, एवढीच मागणी. देशव्यापी कायदा व्हायला त्यानंतर १९९० साल उजाडले. तिथेही हे आपोआप झालेले नाही.

आपल्याकडे काय?

कायदा आपल्याकडेही आहे. पहिला १९९५ चा, दुसरा २०१६ चा. सार्वजनिक वाहतूक अपंगांना वापरता आली पाहिजे, असे दुसरा कायदा स्पष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले की, सुगम्यतेचे किमान नियम 'जमल्यास करा' अशा थाटाचे असून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत.

तामिळनाडूत अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात लो-फ्लोअर बससाठी चिकाटीने लढा दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रॅम्प असलेल्या नव्या लो-फ्लोअर बस आल्या. मुंबईत बेस्टच्या आणि पुण्यात पीएमपीच्या विजेवरच्या बसमध्येही कमी उंचीची जमीन दिसू लागली आहे. गावोगावी जाणाऱ्या बसची पायरी मात्र बहुतेक ठिकाणी तशीच उंच आहे. आपल्या एसटीत अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तिकीट फुकट, पण चढायचे कसे?

कुंभकोणममध्ये हा प्रश्न अधिकच टोचतो. नवग्रहांची नऊ देवळे याच परिसरात विखुरलेली. राहूचे तिरुनागेश्वरम अगदी जवळ, गुरूचे आलंगुडी त्याहून पुढे, शनीचे तिरुनळ्ळार तर कारैकालजवळ पुदुच्चेरीच्या हद्दीत. राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम विभागाने २०२४ मध्ये एका दिवसात नऊही देवळे दाखवणारी खास बस सुरू केली. योजना उत्तमच आहे. पण अशा यात्रेला जास्त करून येतात कोण? वयस्कर माणसेच ना!

जाणार असाल तर

आमच्या फजितीतून जे शिकलो ते सांगते.

'सोय आहे' या शब्दांवर विसंबू नका. दाराशी पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, घडीची खुर्ची कुठे ठेवणार, हे तीन प्रश्न विचारा. आपल्या खुर्चीची रुंदी आणि वजन मोजून एका कागदावर लिहून ठेवा. बॅटरीची खुर्ची किंवा स्कूटर जड असते, ती चौघांनाही उचलत नाही. प्रवासाला साधी घडीची खुर्चीच बरी.

नऊ देवळे एका दिवसात करण्याचा हट्ट सोडा. उरलेले दोन दिवस आम्ही मागे मोठी डिकी असलेली मोटार केली आणि सकाळी दोनच देवळे घेतली. दुपारी बहुतेक देवळे बंद असतात, शिवाय दगडी फरशी तापते. खुर्चीची चाके पुसायला जुने फडके जवळ ठेवा. काही ठिकाणी आपली खुर्ची बाहेर ठेवून देवळातली घ्यावी लागते, म्हणून आधी विचारा. स्वामीमलैला साठ पायऱ्या आहेत, हे ध्यानात असू द्या. आणि उचलावे लागलेच, तर कसे उचलायचे ते त्या माणसालाच विचारा. तेवढ्यानेही फार फरक पडतो.

देवाचा रथ

दुसऱ्या दिवशी आम्ही दारासुरमला गेलो. दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले ऐरावतेश्वराचे हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मंडपात जायला पायऱ्या, म्हणून सासूबाई प्रांगणातच थांबल्या. पण मंडपाचा रथ, त्याची दगडी चाके, उधळलेले घोडे खालूनच छान दिसतात. त्या बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "देवालासुद्धा चाके लागतातच की!"

खरेच आहे. कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणीचे गर्भगृहही रथाच्याच आकाराचे. आणि रथोत्सवात देव देवळातून बाहेर का येतो? ज्यांना आत येता येत नाही त्यांच्या दारी जाण्यासाठी, असे जुनी माणसे सांगतात. पंढरीला कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परतणारे वारकरी आपण पाहिले आहेत. पण ते स्वतःच्या मर्जीने थांबतात. बसच्या पायरीने अडवले म्हणून नव्हे.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्यापाठोपाठ २०२८ मध्ये कुंभकोणमचा महामहम उत्सव, २०१६ नंतर बारा वर्षांनी येणारा. दोन्हीकडे गुरू सिंह राशीत असतानाची पर्वणी, दोन्हीकडे लाखोंची गर्दी. त्यासाठी नव्या बस येतील, रस्ते रुंद होतील. तेव्हाच थोड्या बस कमी उंचीच्या घेता येतील, थांबे नीट बांधता येतील. आपण एक पत्र तर नक्कीच लिहू शकतो, आपल्या आगारप्रमुखाला आणि आपल्या प्रवासी कंपनीला.

सासूबाईंनी ते लिहिलेही. अक्षर थोडे थरथरते आहे, पण प्रश्न नेमका आहे: "आपल्या बसच्या पहिल्या पायरीची उंची किती, ते कृपया कळवावे."

उत्तराची आम्ही वाट पाहतो आहोत.