परांची कधी उतरवायची? भाचीला फ्लाय फिशिंग शिकवताना समजलेलं ‘स्कॅफोल्डिंग’

नेट-सेटची तयारी करताना ‘स्कॅफोल्डिंग’ची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल. मीही केली होती. आता तर माझी पीएचडीच शिक्षणशास्त्रात चालू आहे, म्हणजे हा शब्द दिवसातून चार वेळा तरी कानावर पडतो. तरीही मे महिन्यातल्या एका शनिवारी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने हातातला रॉड गवतावर टाकला आणि म्हणाली, “मावशी, मला नाही जमत. मी परत कधीच येणार नाही.” तेव्हा कळलं, की व्याख्या पाठ असणं आणि ती कळणं यात बरंच अंतर आहे.

आजचा लेख त्या शनिवारबद्दल आणि त्यानंतरच्या रविवारबद्दल. मासे पकडण्यात तुम्हाला रस नसला तरी वाचा. संकल्पना तीच आहे, जी तुम्हाला मुलाखतीत विचारली जाईल.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते पाहू

माझं आजोळ मालवणकडचं. तिथे गळाने मासे पकडण्याला ‘गरवणं’ म्हणतात. दोरीच्या टोकाला गरी, तिच्यावर कोळंबीचा तुकडा आणि जवळच शिशाचं वजन. हात फिरवून फेकलं की शिसं पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. लहान मूलही दहा मिनिटांत शिकतं.

फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं आहे. इथे आमिष म्हणजे पिसं आणि दोरा आकड्यावर गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते जाडसर दोरीत. म्हणून इथे दोरी फेकायची असते, माशी फक्त तिच्यामागून जाते. रॉड मागे न्यायचा, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचा. थांबलं नाही तर चाबकासारखा आवाज येतो, माशी तुटून जाते किंवा सगळा गुंता डोक्यावर पडतो. जोर लावला की आणखी बिघडतं. ज्याला आयुष्यभर ‘जोरात फेक’ हेच माहीत आहे, त्याला इथे ‘थांब’ हे शिकायचं असतं.

शनिवारी मी काय केलं?

मेमोरियल डेच्या जोडसुट्टीला बहीण न्यू जर्सीहून लेकीला घेऊन आली होती. आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या बेलफॉन्टजवळ स्प्रिंग क्रीकवर गेलो. चुनखडीच्या खडकातून येणाऱ्या झऱ्यांमुळे या ओढ्याचं पाणी उन्हाळ्यातही गार राहतं, त्यामुळे ब्राउन ट्राउट तिथे आपापले वाढतात. पूर्वी केपोन आणि मायरेक्स या कीटकनाशकांनी हा ओढा दूषित झाला होता. तेव्हापासून इथला ट्राउट खायला न्यायचा नाही, पकडलेला मासा परत सोडायचा.

हे सगळं मी भाचीला गाडीतच सांगितलं. काठावर पोचल्यावर माशीचे प्रकार सांगितले, गाठी दाखवल्या, मनगट कसं ठेवायचं, कोपर कुठे, अंगठा कुठे, डोळे कुठे. मग माझा नऊ फुटी रॉड तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “हं, टाक.” वीस मिनिटांत दोरी तीनदा झाडात अडकली. दर वेळी मी धावत जाऊन सोडवली आणि दर वेळी एक नवी सूचना दिली. चौथ्यांदा तिने रॉड टाकून दिला.

घरी येताना ती गाडीत बोललीच नाही. मला वाईट वाटलं ते यासाठी, की सकाळी सहाला उठून तयार होऊन बसलेली ती पोरगी होती. तिची आवड मी दोन तासांत घालवली होती, आणि तीही प्रेमाने.

मूळ पेपर काय म्हणतो?

रात्री मी १९७६ चा पेपर पुन्हा काढला. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांचा. ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द शिकवण्याच्या संदर्भात रूढ झाला तो इथून. बऱ्याच गाइडमध्ये तो वायगॉट्स्कीच्या नावावर छापलेला असतो. वायगॉट्स्की १९३४ सालीच गेले. ‘निकट विकासाचं क्षेत्र’ ही कल्पना त्यांची आणि दोन्हींचा संबंध जवळचा आहे, पण शब्द त्यांचा नाही. परीक्षेत ही चूक करू नका.

अभ्यास साधा होता. तीन, चार आणि पाच वर्षांची एकूण ३० मुलं. एकमेकांत बसणाऱ्या २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा. एक शिक्षिका सोबत बसणार, पण मुलाला जेवढं स्वतः करता येईल तेवढं करू देणार. ती नेमकी कधी आणि कशी मदत करते, ते संशोधकांनी टिपलं. मदतीची सहा कामं त्यांनी वेगळी काढली: रस जागवणं, काम आटोपशीर करणं, दिशा टिकवणं, महत्त्वाचं काय ते दाखवणं, वैताग आवरणं आणि करून दाखवणं.

स्कॅफोल्ड म्हणजे आपली परांची. इमारतीला बांबूची बांधतात ती. माझं शनिवारचं वागणं या यादीशी ताडून पाहिलं, तर मी फक्त शेवटचं काम केलं होतं, आणि बडबड. काम आटोपशीर करायचं सोडून मी त्याचा डोंगर केला होता.

रविवार: एकेक बांबू

सकाळी मी ओढ्यावर जायचं नावच काढलं नाही. एका मित्राकडून छोटा, हलका रॉड आणला. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधला आणि अंगणात एक परात ठेवली. “लोकर परातीत पडली की एक मार्क,” एवढंच सांगितलं. ती आपणहून उठून आली. *रस जागवला* म्हणतात तो हा.

मग *काम आटोपशीर करणं*. नवशिक्याचं मनगट फार वळतं आणि रॉड पार मागे जमिनीकडे झुकतो. ‘मनगट वळवू नकोस’ असं शंभरदा सांगण्यापेक्षा मी रॉडच्या मुठीचं टोक तिच्या स्वेटशर्टच्या बाहीत खोचलं. आता मनगट वळवायचं म्हटलं तरी वळेना. दोरीही मोजकीच बाहेर काढली. पेपरमध्ये याला ‘स्वातंत्र्याच्या मिती कमी करणं’ म्हटलंय. शब्द जड आहे, अर्थ सोपा: एका वेळी चुकण्यासारख्या दहा गोष्टी असतील तर आठ आपण धरून ठेवायच्या. पण जी दोन ठेवायची, ती कामाचा गाभा असली पाहिजेत. इथे गाभा होता ‘थांबणं’. ते मी तिच्याकडेच ठेवलं.

*महत्त्वाचं दाखवणं*. “मान वळवून मागे बघ, दोरी काय करते ते,” एवढंच म्हटलं. पाच-सहा वेळा तिने पाहिलं. मग ओरडली, “मावशी, आपण थांबलो ना, की ती आपोआप सरळ होते!” हेच वाक्य मी शनिवारी तिला किमान आठ वेळा ऐकवलं होतं.

*करून दाखवणं* यातही एक गंमत आहे. पेपरनुसार शिक्षिका बहुतेक वेळा मुलाने अर्धवट केलेलीच गोष्ट जरा नीट करून दाखवते. मीही माझी ऐट दाखवली नाही. तिच्याइतक्याच आखूड दोरीने, तिच्यासारखंच टाकलं. मुद्दाम एकदा घाई केली. “चाबूक वाजला, चुकलीस!” ती लगेच म्हणाली. तिला स्वतःला अजून नीट जमत नव्हतं, पण चूक ओळखता येत होती. हे त्या पेपरमधलं मला सर्वांत आवडलेलं निरीक्षण: योग्य उत्तर ओळखता येणं हे ते स्वतः काढता येण्याच्या आधी येतं. ओळखताच येत नसेल, तर सरावाने काय सुधारायचं ते कळणार कसं?

संध्याकाळी ओढ्यावर

आकड्याचा काटा पकडीने दाबून टाकला, तिला चष्मा घातला आणि पाण्याशी गेलो. आधी रॉड बाहेर काढलाच नाही. घोटाभर पाण्यातले दगड उलटवले. खाली मेफ्लायची पिल्लं होती, पोटाच्या कडेला कल्ले आणि मागे बारीक शेपट्या. संध्याकाळी यातलीच काही वर येतात, कात टाकतात आणि पंख फुटून उडतात. पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक जगात हा एकच. त्या अवस्थेत त्याला खाताही येत नाही. पण ट्राउटला ती मेजवानी असते.

अंधारायला लागल्यावर फिकट पिवळ्या माश्या पाण्यावर दिसू लागल्या. मी माझी डबी उघडून तिच्यापुढे धरली. “यातली कुठली?” तिने बराच वेळ लावून एक निवडली. मी निवडली असती त्याहून जरा मोठी होती. मी गप्प बसले. हा निर्णय तिचा होता.

सुरुवातीला मी तिच्या कोपराशी उभी होते. दोन वेळा टाकणं जमल्यावर एक पाऊल मागे सरकले. माशी प्रवाहाच्या वेगाने वाहिली पाहिजे, दोरीने ओढली गेली तर तिच्यामागे पाण्यावर रेघ उमटते आणि मासा फसत नाही. ती रेघ एकदा बोटाने दाखवली आणि आणखी मागे गेले. एकदा दोरी फांदीत अडकली, तेव्हा पुढे आले, सोडवली आणि म्हटलं, “माझी तर आठवड्यातून दोनदा अडकते.” *वैताग आवरणं* म्हणजे फार काही नसतं. मग तिची नजर पलीकडच्या बदकांकडे गेली, तर “तो मघाचा मासा कुठे वर आला होता गं?” असं विचारून तिला परत आणलं. ही *दिशा टिकवणं*.

शेवटी मी मागच्या खडकावर जाऊन बसले आणि थर्मासमधला चहा ओतायला लागले. तेवढ्यात आरोळी आली. मान वर केली तर रॉड सरळ होता आणि पाण्यावर वर्तुळं.

“मावशी, लागला होता! पार जवळ आला होता, मग सुटला! तू बघितलंस ना?”

मी बघितलंच नव्हतं. निरीक्षण हे जिचं काम, ती चहा ओतत होती! पण भाचीने मला सगळं सांगितलं: पिवळट अंग, लाल ठिपके, ठिपक्यांभोवती फिकट कडं. म्हणजे ब्राउन ट्राउटच. काटा दाबलेला असल्यामुळे आपणच सुटून गेला. ती थरथरत होती आणि हसत होती. मी एवढी खूश कधी झाले होते आठवत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या माशालाही नाही. कारण त्या क्षणी तिला माझी गरज नव्हती.

संशोधनासाठी यातून काय घ्यायचं?

एक. मदत म्हणजे स्कॅफोल्डिंग नव्हे. जी मदत कमी होत जात नाही, ती परांची नाही, तो खांब आहे. या विषयावर प्रबंध लिहिणार असाल, तर मदत *काढून घेणं* तुमच्या व्याख्येत आणि निरीक्षणात असलंच पाहिजे.

दोन. ते मोजायचं कसं? वुड, वुड आणि मिडलटन यांच्या १९७८ च्या अभ्यासात मदतीच्या पाच पायऱ्या आहेत: सर्वसाधारण सूचना, नेमकी सूचना, वस्तू निवडून देणं, वस्तू तयार करून हातात देणं, पूर्ण करून दाखवणं. नियम एकच. मूल अडलं तर पायरी वर, जमलं तर पायरी खाली. शनिवारी मी एकदम पाचव्या पायरीवरून पहिलीवर उडी मारली होती, मधल्या तिन्ही गायब.

तीन. दावा पुराव्याइतकाच करा. १९७६ चा अभ्यास शिकवण्याच्या प्रक्रियेचं वर्णन करणारा होता. ‘स्कॅफोल्डिंगमुळे गुण वाढतात हे वुड-ब्रुनर-रॉस यांनी सिद्ध केलं’ असं लिहाल, तर चांगला परीक्षक तिथेच थांबवेल. माझ्या भाचीची गोष्ट तर पुरावाही नाही. ते उदाहरण आहे, एवढंच.

चार, आणि हे तुमच्या स्वतःसाठी. पहिल्या वर्षी एका मार्गदर्शकांनी मला चाळीस पेपर देऊन सांगितलं होतं, “पुढच्या आठवड्यात संशोधन-प्रश्न घेऊन या.” मी तेव्हा पीएचडी सोडायच्या विचारात होते. मला वाटायचं, माझीच कुवत नाही. आज वाटतं, मलाही कुणीतरी नऊ फुटी रॉड देऊन ‘हं, टाक’ म्हटलं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर रॉड टाकून देण्याआधी छोटा तुकडा मागा: “सर, मी आधी यातल्या एकाच पेपरची पद्धत नीट समजून घेऊन येते, चालेल?” असं विचारण्यात कमीपणा नाही.

आणि उद्या तुमच्या हाताखाली कुणी ज्युनियर आला, तर त्याच्या कामातला कुठला भाग तुम्ही धरून ठेवणार आणि कुठला त्याच्याकडेच ठेवणार, हे आधी कागदावर लिहा. गाभा त्याच्याकडे ठेवा. मग एकेक पाऊल मागे सरका.

भाचीचा काल फोन आला होता. तिने पिसं जमवायला सुरुवात केली आहे. पुढच्या वेळी माशी ती स्वतः बांधणार म्हणे. मला त्यातलं फारसं येत नाही, त्यामुळे बहुधा तीच मला शिकवेल.